न पडलेली पावलं

केंद्राची गाडी दारात आली तेव्हा उज्ज्वला खोचरे खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होती. मिक्सर बिघडला होता आणि तो दुरुस्तीला टाकायला ती बाजारात जात नव्हती. गेल्या आठवड्यापासून ती उंबरवेल गावातली सगळ्यात प्रसिद्ध बाई झाली होती, आणि तिला पाहून लोक दुकानातल्या मालाकडे फार निरखून बघू लागले होते.

गाडीतून उतरलेला माणूस उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, "मॅडम, हातातलं काम उरकून घ्या. घाई नाही." सायरन मात्र त्याने चालूच ठेवला होता. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि नंतर सगळ्या बंद झाल्या.

उज्ज्वलाने चटणी बरणीत भरली, झाकण घट्ट लावलं, हात धुतले. धरून न्यायला येणारे लोक आरडाओरडा करतात अशी तिची समजूत होती. या माणसाची नम्रता बघून तिने हात पुन्हा एकदा धुतले.

तिचा गुन्हा एवढाच, की तिने एक बातमी लिहिली होती.

ती 'दैनिक पारकट्टा'ची वार्ताहर. तालुक्यापुरतं चालणारं वर्तमानपत्र ते. निम्म्या पानांत निधनवार्ता, बाजारभाव आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. पण उंबरवेलचा कोण नगरसेवक कुठल्या गटारात किती खातो हे 'पारकट्टा'तच कळायचं, आणि ते उज्ज्वलाच लिहायची. चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, तोंडाने फटकळ बाई. तिला वचकून असणारे पुष्कळ होते आणि तिच्या घरी चहाला येणारेही पुष्कळ होते. बहुतेक वेळा ते तेच लोक असत.

'घरोघर धागा' ही योजना गावात आली तेव्हा तिची पहिली कौतुकाची बातमीही उज्ज्वलानेच लिहिली होती. प्रत्येक रस्त्याखाली, प्रत्येक बोळाखाली काचेची केबल आणि प्रत्येक घराला फुकट इंटरनेट. फुकट म्हटल्यावर कुणी खोलात गेलं नाही. केबल आली, तिची देखरेख करायला माळावर भलंमोठं केंद्र आलं आणि केंद्रात गावच्या पोरांना नोकऱ्या आल्या. पुढे काही चांगल्या गोष्टी आपोआप घडायला लागल्या. पाण्याची पाइप फुटली की कुणी तक्रार करण्याआधीच माणसं खणायला हजर. पहाटे फिरायला गेलेले एक पेन्शनर नाल्याकाठी पडले, तर अॅम्ब्युलन्स त्यांच्या बायकोच्याही आधी तिथे पोचली. लोक खूश होते. अॅम्ब्युलन्सला कळलं कसं, हे एकट्या उज्ज्वलाने विचारलं. त्याचं उत्तर मिळायला तिला तीन वर्षं लागली.

उत्तर तसं सोपं होतं. काचेचा तो धागा केसाएवढा बारीक. त्याच्या एका टोकातून लेसरचा प्रकाश सोडतात, एका सेकंदात हजारो वेळा. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात सूक्ष्म खडबडीतपणा राहतोच, आणि त्यावर आपटून प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे फिरतो. वरून कुणी चाललं की जमीन कणभर दबते, तिच्याबरोबर काचही कणभर ताणली जाते, आणि मागे फिरणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते, आणि कसा बदलला यावरून तिथे काय घडलं ते कळतं. म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक हाताभर लांबीला एक कान.

हे तंत्र काही चोरून आणलेलं नव्हतं. भूकंप मोजायला आणि पाइपांची गळती शोधायला ते जगभर वापरत. उंबरवेलच्या केंद्राने त्याला पुढचं शिक्षण दिलं होतं. टाच आधी टेकते की चवडा, कुठल्या पायावर भार जास्त, दोन पावलांत अंतर किती, वळताना माणूस कुठे रेंगाळतो, हे सगळं यंत्र वर्षानुवर्षं ऐकत राहिलं आणि हळूहळू एकेका माणसाला ओळखायला लागलं. मोबाइल घरी ठेवता येतो, तोंडाला रुमाल गुंडाळता येतो, चपला बदलता येतात. चाल मात्र माणूस बरोबरच घेऊन फिरतो. गावातला कोण कधी कुणाच्या दारी गेला, किती वेळ थांबला आणि परतताना त्याचं पाऊल जड होतं की हलकं, याची सगळी नोंद माळावरच्या केंद्रात होती.

उज्ज्वलाने हे छापलं, आणि ते तिला सांगणारा माणूस केंद्रातलाच होता.

त्याचं नाव भरतेश मगदूम. केंद्रात तंत्रज्ञ. खूप वर्षांपूर्वी, तो कॉलेजात असताना, उज्ज्वलाच्या घरासमोर त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं होतं. हॉस्पिटलात नातेवाईक कोण म्हणून विचारलं तेव्हा, त्याचे आईवडील गावाहून येईपर्यंत कुणीतरी हवं म्हणून, ती सरळ म्हणाली होती, "मी बहीण." पाय वाचला, पण उजवं पाऊल कायमचं ओढत राहिलं. त्या वर्षी दिवाळीत त्याच्या पायाला प्लास्टर होतं. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं असतं. इथे बहीणच ताट घेऊन भावाकडे गेली. मग तीच रीत पडली. दर भाऊबीजेला उज्ज्वला सन्मती अपार्टमेंटचे तीन जिने चढून जायची, ओवाळायची, बासुंदी खायची आणि निघताना दटावायची, "खाली सोडायला येऊ नकोस, पाय दुखेल." एरवी तो त्याच्या तीनचाकी स्कूटरवरून तिच्या दारात यायचा, खाली न उतरताच हॉर्न वाजवायचा आणि लोणच्याची बरणी घेऊन जायचा. या नात्याचा कुठे कागद नव्हता. तिला सख्खा भाऊ नव्हता, आणि तो असता तर याहून जास्त काही झाला असता असं तिला वाटत नव्हतं.

भरतेशने तिला केंद्रातलं गुपित सांगितलं ते गणपती विसर्जनाच्या दिवशी, नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून. नदीखाली केबल नव्हती, आणि ढोलताशांच्या दणदणाटात शेजारच्यालाही ऐकू जात नव्हतं.

"ताई, आता भेटायचं नाही," तो शेवटी म्हणाला होता. "बातमी येऊन सगळं थंड होईपर्यंत अजिबात भेटायचं नाही."

"तुला हे मला सांगायला लागतं व्हय?" ती म्हणाली होती. "मी या धंद्यात नवी आहे का?"

तिने शब्द तंतोतंत पाळला. दिवाळी आली. भाऊबीजेला तिने ताट काढलं, निरांजन घासलं आणि पुन्हा फळीवर ठेवून दिलं. दिवसभर ती घरातून हलली नाही. दिवाळीनंतरच्या आठवड्यात बातमी छापून आली, पहिल्या पानावर, आठही कॉलमांत.

मग जे व्हायचं ते झालं. सरकारी जाहिराती बंद झाल्या. छापखान्याची वीज दोनदा गेली. 'पारकट्टा'चे संपादक दिनकर शेडबाळे यांना केंद्रात बोलावून घेतलं. शेडबाळे सर म्हणजे टेबलावर मूठ आपटून बोलणारा माणूस. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या आजोबांचा फोटो त्यांच्या खुर्चीमागे टांगलेला असायचा. ते केंद्रातून परतले आणि आपल्या खुर्चीत न बसता दारातल्या बाकावर बसले.

"मारलं का त्यांनी तुम्हाला?" उज्ज्वलाने विचारलं.

"चहा दिला," सर म्हणाले. "आणि एक नकाशा दाखवला. माझ्या पावलांचा. दर गुरुवारी मी कुठे जातो त्याचा." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "घरी वाटतं मी दत्ताच्या देवळात जातो."

उज्ज्वलाने पुढे विचारलं नाही.

"उद्या खुलासा छापतोय. बातमी निराधार होती म्हणून. शिव्या घाल मला."

"सर, निदान माझ्या माणसाचं नाव तरी..."

"सांगू नकोस!" त्यांनी दोन्ही हात वर केले. "हात जोडतो, मला ते नाव सांगू नकोस. मला माहीत असलं तर मी सांगेन."

तिला त्यांचा राग आला नाही, त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर खुलासा आला. त्याच सकाळी गाडी तिच्या दारात आली.

केंद्रातल्या त्या खोलीत खुर्च्या मऊ होत्या. संवाद सुरक्षा विभागाचे अधिकारी अनिरुद्ध सबनीस उठून उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देणारा माणूस.

"तुमची बातमी वाचली, मॅडम. विज्ञानाचा भाग फार स्वच्छ लिहिलाय. आमच्या नव्या मुलांना तोच वाचायला देणार आहे."

भिंतीवर उंबरवेलचा नकाशा उजळला. त्यावर एक बारीक केशरी रेष धावायला लागली, तिच्यावर दुसरी, तिसरी, होता होता रस्ते केशरी झाले. ती तिचीच पावलं होती. सोमवारची मंडई. नगरपालिका. आई शेवटच्या आजारात होती तेव्हाच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या, एकावर एक पडून जाड झालेल्या. उज्ज्वलाला एकदम रडू आलं आणि या माणसासमोर रडायचं नाही म्हणून तिने दात आवळले.

"तुम्हाला माहिती कुणी दिली ते आम्ही आधी सरळ मार्गाने शोधलं," सबनीस म्हणाले. "बातमीआधी तुम्ही कुणाला जास्त भेटायला लागलात? कुणालाच नाही. फोन? तुम्ही वार्ताहर, अर्ध्या गावाला तुमचे फोन असतात. आम्ही हात टेकले होते. मग मला वाटलं, प्रश्नच चुकतोय. माणूस ज्याला वाचवू बघतो त्याच्यापासून तो लांब राहतो, नाही का? म्हणून यंत्राला विचारलं, मॅडम कुठे जायच्या थांबल्या?"

केशरी रेषा विझल्या. राहिला एक बारीक ठिपका. तीन रस्ते मिळतात त्या तिकटीच्या पलीकडचं सन्मती अपार्टमेंट.

"दर वर्षी दिवाळीत एक दिवस. भाऊबीज. फाटकातून आत जाता, दोन-अडीच तासांनी बाहेर येता. केबल घातल्यापासून एकदाही चुकलेलं नाही. यंदा तुम्ही गावात होता, तब्येत ठीक होती आणि त्या दिवशी घरातून एक पाऊल बाहेर टाकलं नाहीत." ते नकाशावरून तिच्याकडे वळले. "तुम्हाला भाऊ नाही, मॅडम. आम्ही पाहिलं."

उज्ज्वला त्या ठिपक्याकडे बघत राहिली. नदीतल्या त्या संध्याकाळपासून तिने कुठलंही पाऊल चुकीचं टाकलं नव्हतं. जे टाकलं नाही तेच त्यांनी वाचलं होतं. अगदी स्वतःच्या हाताने, निरांजन फळीवर ठेवून, तिने भरतेशचं दार यांना दाखवलं होतं.

"अडचण एवढीच," सबनीस म्हणाले, "की काच फाटकापर्यंत आहे. जिन्यात नाही. त्या इमारतीत आमच्या केंद्राची तीन माणसं राहतात. मगदूम, ऐनापुरे आणि त्या सौंदत्ती मॅडमचे मिस्टर. तिघांचेही नंबर तुमच्या फोनमध्ये आहेत. यंत्र दार सांगतं, मजला सांगत नाही. तो माणसाने सांगायचा असतो."

"मी सांगणार नाही."

"अर्थात. तुमच्या व्यवसायाचा मला आदर आहे." आणि तो खरोखरच असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. "फक्त परवा सकाळी आम्हाला तिघांवरही कारवाई करावी लागेल. ऐनापुरेंना जुळी मुलं झालीत म्हणे आत्ताच. नाव कळलं असतं तर दोन घरं वाचली असती. बघा, विचार करा. या तुम्ही."

"मी जाऊ?"

"हो, घरी जा. तुम्हाला अडवून ठेवायला तुमच्यावर गुन्हा कुठे आहे? गाडी मात्र देता येणार नाही. चालत जा. रस्ता चांगला झालाय आता."

केंद्राचा उतार ती भराभर उतरली. बाहेर ऊन कलतं झालं होतं, शाळा सुटल्या होत्या. निम्मा उतार गेल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती चालता चालता थिजली. आणताना सायरन वाजवत आणलं, की गावाला कळावं. सोडताना पायी सोडलं, की तिला चालावं लागावं. माळावरून घरी जायला रस्ता एकच, तिकटीवरून, सन्मती अपार्टमेंटच्या फाटकासमोरून. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भरतेशच्या खिडकीतून तो रस्ता स्वच्छ दिसतो, आणि या वेळेला त्याची पाळी संपलेली असते.

म्हणजे फाटकाशी आपलं पाऊल अडखळतं का ते हे बघणार. आणि वरून कुणी उतरतं का, तेही बघणार.

रिक्षाला हात करावा असं तिला वाटलं. पण रिक्षात बसणं म्हणजे लपवाछपवी केल्याचं लिहूनच देणं. आणि आज टळलं तरी उद्या पाय जमिनीला लावावेच लागतील. दुसरा रस्ता नाही. मग असं चालावं, की जसं रोज चालतो. खिडकीकडे न बघता, भाजी घेऊन घरी निघाल्यासारखं. काय कठीण आहे त्यात?

ती चालायला लागली, आणि आपण रोज कसं चालतो ते तिला आठवेना.

आपली टाच आधी टेकते की चवडा? हात हलतात का? इतकी वर्षं पायांनी बिनबोभाट केलेलं काम आज डोक्याने करायला घेतलं तर पाय परक्याचे झाले. भराभर चाललं तर पळ काढतेय म्हणतील. सावकाश चाललं तर रेंगाळतेय म्हणतील. हे सगळं तिने स्वतःच लिहिलं होतं, आठ कॉलमांत, नव्या मुलांना शिकवावं इतकं स्वच्छ. तिकटी जवळ येत गेली तशी तिची पावलं लहान-मोठी पडायला लागली. फाटक आता पन्नास पावलांवर होतं. त्याच्या समोरून या पायांनी जाणं म्हणजे भरतेशच्या नावाने हाका मारत जाण्यासारखंच होतं.

तिकटीवर पिंपळाचा पार आहे. त्याच्यावरूनच त्यांच्या वर्तमानपत्राला नाव दिलेलं. उज्ज्वला त्या पारावर बसली आणि तिने चपला काढून दोन्ही पाय वर घेतले. मांडी घालून, पदर गुडघ्यांवर ओढून ती बसून राहिली. जमिनीला आता तिच्याकडून काहीही ऐकू येणार नव्हतं. एवढंच तिला करता येत होतं आणि ते तिने केलं.

लोक जात-येत होते. ओळखीचे दोघेतिघे तिच्याकडे न बघता गेले. निधनवार्ता घेऊन नेहमी तिच्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी तर तिला पाहून रस्ता ओलांडला, आणि पलीकडे गेल्यावर त्यांना तिकडे काहीच काम नसल्याचं उघड झालं. त्यांचाही राग येईना. कुणाचं काय गुरुवारचं दुखणं असेल, कुणी सांगावं.

पाराला लागून पांडूची चहाची गाडी. पांडू चहा ओतायचं सोडून तिच्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"ताई, काय झालं वो? अशा का बसलाय?"

"काही नाही रे. जरा चक्कर आली."

"चक्कर? मग पानी घ्या की. थांबा, रिक्षा बघतो. का डॉक्टरला फोन लावू?"

"काही नको. बसते थोडी, जाईल आपोआप."

"सकाळपासनं काय खाल्लं न्हाई वाटतं तुम्ही. सायरन ऐकला आमी." त्याने आवाज खाली घेतला. "मारहान केली काय?"

"नाही रे बाबा. तू तुझं गिऱ्हाईक बघ."

पांडूने तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि तो गाडीकडे गेला. चांगला माणूस. तिचा त्याच्यावर जीव होता, आणि त्या घटकेला तिला एवढंच हवं होतं की या चांगल्या माणसाने काहीही करू नये. तिने डोळे मिटले. अंधार पडला की जाऊ, असं तिने ठरवलं, आणि लगेच लक्षात आलं की जमिनीखालच्या काचेला अंधार-उजेड सारखाच. मग तिने काहीच ठरवलं नाही.

शाळेची पोरं गेली. सायकली गेल्या. मंडईतून परतणाऱ्या बायकांच्या पिशव्या खसखसत गेल्या. आणि मग त्या सगळ्या आवाजांतून एक आवाज वेगळा झाला. एक पाऊल भरदार, दुसरं ओढत. एक भरदार, एक ओढत. आणि घाईत. अंगात नसलेल्या घाईत. त्याला धावता येत नव्हतं, तरी तो धावत होता.

उज्ज्वलाने डोळे उघडले नाहीत. उघडायची गरजच नव्हती. एवढ्या वर्षांत तो तिच्याकडे स्कूटरवरून आला होता, कधी पायी आला नव्हता. तरी तिला लगेच कळलं. यंत्रालाही तेव्हाच कळलं असणार.

"जा परत," ती मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटली. "पांडूकडे वळ. चहा माग. भरतेश, माझ्याकडे येऊ नकोस."

"ताई." तो समोर उभा होता, धापा टाकत. घरातली लुंगी, पायांत काही नाही, हातात पाण्याची बाटली. पाण्यात लिंबाच्या बिया तरंगत होत्या. "हे पी आधी. साखर-मीठ घातलंय."

"अरे, का आलास?"

"पांडूने फाटकातनं हाक मारली, ताईला चक्कर आली म्हणून. दर भाऊबीजेला तू ताट घेऊन येताना बघतो ना तो."

"खोटं सांगितलं रे मी त्याला! नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं!" तिचा आवाज फाटला. पांडू तिकडे गाळणी हातात धरून पुतळ्यासारखा उभा होता. "तुला माहीत नाही खाली काय आहे ते? तूच मला सांगितलंस ना?"

"माहीत आहे की," भरतेश म्हणाला. तो पाराला टेकून खाली बसला आणि दुखरा पाय त्याने दोन्ही हातांनी सरळ केला. "जिन्यात आठवलं. पण तोवर निम्मा जिना उतरलो होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या तळव्याला खडा टोचून रक्त आलं होतं. ते पुसायला तिने पदर पुढे केला, आणि मग उगाच हातातच धरून ठेवला.

"भाऊबीजेला पाट मांडून बसलो होतो," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. राहून गेलेलं सांगावं तसं त्याने सांगितलं. "संध्याकाळपर्यंत. म्हटलं, येईल आता."

"भेटायचं नाही असं तूच म्हणाला होतास ना!"

"ते भेटायचं नाही म्हणालो होतो. भाऊबीज म्हणजे काय भेट आहे का, ताई? ते आपलं असतंच की."

उज्ज्वलाने त्याला सबनीसांचं सगळं सांगून टाकलं, त्या ठिपक्याचं आणि परवा तिघांवर होणाऱ्या कारवाईचंही. ती गेली असती तर यंत्राला दर वर्षीसारखीच एक रेष दिसली असती, आणि सबनीस अजून हात टेकून बसले असते. हा एवढा हुशार, ते यंत्र आतून बाहेरून जाणणारा पोरगा, आणि ही एवढी मुरलेली वार्ताहर. दोघांनी एकमेकांना वाचवायचं ठरवलं, आणि त्यातल्या एकाने ते जरा जास्तच मनापासून पाळलं.

"आता दोघं तरी सुटतील," भरतेश म्हणाला. "ऐनापुरेला जुळं झालंय. आमच्याकडे पेढे आले होते."

माळाच्या उतारावरून करड्या रंगाची गाडी येताना दिसली. आता तिचा सायरन बंद होता. कुणाला काही कळवायचं उरलं नव्हतं. गाडी सावकाश आली, शाळेच्या उशिरा सुटलेल्या दोन पोरींना तिने थांबून रस्ता ओलांडू दिला आणि पाराजवळ येऊन उभी राहिली. सकाळचाच नम्र माणूस उतरला. त्याने दार उघडून धरलं आणि तो वाट बघत राहिला.

"पी की ते," भरतेश बाटलीकडे बोट दाखवत म्हणाला.

उज्ज्वलाने बाटली तोंडाला लावली. पाणी फार गोड झालं होतं. त्याला कधीच प्रमाण जमायचं नाही. तिने ते सगळं संपवलं. मग बाटली त्याला परत दिली, पाय खाली सोडले आणि आपल्या चपला त्याच्या पायांपुढे सरकवल्या.